चिंगीची पद्धत

चिंगी विमानात बसली त्या दिवसापासून घरातलं एक माणूस कमी झालं आणि कौतुक मात्र दुप्पट झालं. कौतुकाला हात नसतात, एवढीच अडचण होती. रोपवाटिकेत ट्रे कोकोपीटने, म्हणजे नारळाच्या भुशाने, भरायला, त्यांना बोटाने खळगे पाडायला, बी टाकायला, भरलेल्या ट्रेंच्या थप्प्या प्लास्टिकमध्ये गुंडाळायला आणि अंकुर दिसला की त्याच दिवशी त्या सोडून शेडनेटच्या जाळीखाली मांडायला हात लागत. थप्पी एक दिवस उशिरा सोडली तर रोपं लांबट होऊन माना टाकत. चिंगीच्या वाट्याचं हे सगळं आता वहिनी करत होती.

वहिनी म्हणजे चिंगीची वहिनी, घरची एकुलती एक सून. पण चिंगी दिवसभर तिला हाका मारत हिंडायची, त्यामुळे कामाला येणाऱ्या बायका, रोपं न्यायला येणारे शेतकरी, समोरचा दुकानदार, सगळेच तिला वहिनी म्हणायला लागले होते. एकदा तर सासऱ्यांच्याही तोंडून "वहिनी" निघून गेलं आणि मग ते उगीचच घसा खाकरत बाहेर गेले.

चिंगी बारावी झाली होती. कॉलेजात नाव घालण्याआधी एक वर्ष परदेशात जायचं, तिकडच्या मुलांना इंग्रजी शिकवायचं, राहणं-जेवण संस्थेकडे, पगार नाही, अशी ती योजना होती. सासऱ्यांनी आधी डोक्याला हात लावला. फुकट शिकवायला समुद्रापार कशाला, इथं पोरं कमी आहेत का, असं ते म्हणाले. मग संस्थेचा माणूस घरी आला, चहा प्यायला, त्याने कसल्याशा फोटोंची फाईल दाखवली आणि सासरे असे काही पालटले की रोपं न्यायला आलेल्या माणसाला आधी गॅप इयर समजावल्याशिवाय ट्रेला हात लावू देईनात.

"गॅप म्हणजे फट नव्हे," ते सांगायचे. "मोकळं वर्ष. मोठ्या लोकांची पोरं घेतात."

तो माणूस मान डोलवायचा आणि मिरची तिखट जातीची आहे का ते विचारायचा.

वहिनीने शिक्षिकेचा कोर्स केला होता. लग्नाआधी माहेरच्या शाळेत ती लहान वर्गांना शिकवायची. मुलगी बघायला आले तेव्हा सासरे म्हणाले होते, शिकलेली आहे, नोकरी करायची तर खुशाल करू दे, आमची ना नाही. ना कधीच नव्हती. फक्त हंगाम नाही असा महिना कधी उगवला नाही. टोमॅटो झाला की मिरची, मिरची झाली की कोबी. अशी चार वर्षं गेली. त्या चार वर्षांच्या फटीला कुणी इयर म्हणालं नाही.

त्यात यंदा सडकेपलीकडच्या शाळेतल्या इंग्रजीच्या बाई नवऱ्याच्या बदलीमुळे शाळा सोडणार होत्या. शाळेच्या मोठ्या बाई दुकानात भेटल्या तेव्हा त्यांनी वहिनीला सहज विचारलं, तुझा कोर्स झालाय असं ऐकलं, सुट्टीनंतर येशील का आमच्याकडे. वहिनी साखर घ्यायची विसरून घरी आली. तिने नवऱ्याला सांगितलं. नवरा रोपांचा टेम्पो चालवायचा, आणि घरातलं बोलणं इकडून तिकडे पोचवण्याचं कामही त्याच्याकडेच असे. त्याने जेवताना वडिलांच्या कानावर घातलं. सासऱ्यांनी शांतपणे घास संपवला आणि म्हणाले, चिंगी आली की बघू, दोघीही नाहीत म्हटल्यावर कसं चालेल.

म्हणजे नाही म्हणाले नव्हते. वहिनीने तो 'बघू' घट्ट धरून ठेवला. उन्हाळा संपता संपता चिंगी येणार, गावातल्याच कॉलेजात जाणार, सकाळ-संध्याकाळ ट्रेंपुढे बसणार, आणि वहिनी शाळेत जाणार. कुणाचं काहीच बिघडणार नव्हतं.

आता इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावरून घडलं. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा चिंगी इंग्रजीच्या नावाने रडत होती. दोघी पेरणीला समोरासमोर बसत. पेरणी म्हणजे डोळे मिटायला लावणारं काम. एका खळग्यात एक बी. दोन पडली तर एक वेचून काढायचं, एखादा खळगा राहिला तर तेवढं रोप कमी. वहिनीने त्यातून एक खेळ काढला. आडव्या ओळीत एक वाक्य, एका खळग्याला एक शब्द. आधी शब्द बोलायचा, मग बी सोडायचं. शब्द चुकला तर बी हातातच राहणार आणि तो खळगा समोरचीने भरायचा. सासूबाई आधी कुरकुरल्या, की या दोघी काम करतात का शाळा भरवतात. मग या दोघींच्या ट्रेमध्ये रिकामा खळगा सापडत नाही हे त्यांच्या लक्षात आलं आणि त्यांनी बोलणं सोडलं. पुढे त्याही एक वाक्य शिकल्या, "द काऊ इज इन द हाऊस." गाय नसलेल्या त्या घरात हे वाक्य त्या पाहुण्यांपुढे हमखास म्हणून दाखवत.

बारावीला चिंगी इंग्रजीत शाळेत पहिली आली. पेढे वाटावेत तशी सासऱ्यांनी टोमॅटोची रोपं वाटली.

तो उन्हाळा वाईट होता. शेडनेट एका बाजूने फाटलं होतं आणि त्या फटीतून ऊन थेट कोबीच्या रोपांवर यायचं. कामाच्या दोन बायका सडकेवरच्या पॅकिंगच्या कारखान्यात गेल्या, तिथे पंखे होते. राहिल्या सासूबाई, वहिनी आणि टेम्पोच्या फेऱ्यांमधून वेळ मिळेल तसा नवरा. वहिनी डोक्याला ओलं फडकं बांधून पहाटेच झारी उचलायची. दुपारपर्यंत तिच्या नखांत काळं गच्च बसलेलं असे, खांदे भरून येत आणि ओणव्याने वाकून वाकून कंबर इतकी धरे की चहाचा कप घ्यायलाही ती आधी भिंतीला हात टेके.

अशाच एका दुपारी सासरे फोन उंच धरून शेडमध्ये आले. चिंगीचा व्हिडिओ आला होता. चिंगीने पाठवलेला नव्हे, संस्थेने तयार केलेला, मागे बाजाची धून वगैरे लावून. सासऱ्यांनी पालथ्या क्रेटवर फोन उभा केला. सगळे भोवती बसले.

पडद्यावर पत्र्याच्या छपराची शाळा होती. ओसरीत मुलं रांगेने बसलेली आणि प्रत्येकाच्या मांडीवर अंड्यांचा पुठ्ठ्याचा ट्रे. मुलं एक एक शब्द बोलत होती आणि ट्रेच्या एकेका खाचेत एक एक खडा टाकत होती. एक मुलगा अडला. त्याचा खडा हातातच राहिला आणि समोरच्या मुलीने शब्द सांगून आपला खडा त्याच्या खाचेत टाकला. सगळी मुलं हसली. मग चिंगी पुढे आली. रंग जरा उतरलेला, पण केस छान कापलेले. ती इंग्रजीत बोलायला लागली, भरभर, न अडखळता.

"काय म्हणतेय?" सासऱ्यांनी विचारलं. घरात ते कळणारी एकच होती.

वहिनीने ओठांवरून जीभ फिरवली. "म्हणतेय, ही पद्धत मी घरी शोधून काढली. आमच्या रोपवाटिकेत, बी पेरताना."

"बघ," सासरे सासूबाईंना म्हणाले.

"पण हे तर या दोघी बडबडायच्या तेच," सासूबाई म्हणाल्या.

"बडबड वेगळी आणि पद्धत वेगळी," सासरे म्हणाले आणि त्यांनी व्हिडिओ पुन्हा सुरुवातीपासून लावला. शेवटी पडद्यावर अक्षरं आली. तीही वहिनीलाच वाचून दाखवावी लागली. संस्थेने त्या पद्धतीला चिंगीचं नाव दिलं होतं आणि ती पद्धत संस्था आणखी शाळांमधून सुरू करणार होती.

वहिनी उठली, झारी भरून आणली आणि पाणी घालायला लागली. तिला राग आला असता तर बरं झालं असतं. राग आला की माणूस बोलतो. हे तसं नव्हतं, हे आत कुठेतरी आंबट होऊन बसलं होतं. तिच्या डोळ्यांपुढून ती ओसरी हलेना. तो अडलेला मुलगा तिला दिसत होता, त्याच्या हातातला खडा दिसत होता. तिथे त्याच्यापुढे आपण बसायला हवं होतं असं तिला वाटत होतं, आणि चिंगी बसली होती, तेही कापलेल्या केसांनी. त्यानंतर तिने कुणाला न सांगता तो व्हिडिओ इतक्या वेळा पाहिला की मागची बाजाची धून तिच्या डोक्यात झारीच्या धारेबरोबर वाजायची.

व्हिडिओ गावभर फिरला. ज्या दुकानदाराला इंग्रजीतलं "थँक यू" सोडून काही येत नव्हतं, तो वहिनीला म्हणाला, "तुमच्या नणंदेने नाव काढलं हो." वहिनी म्हणाली, "हो ना." तिचा चेहरा नेहमीसारखाच होता. त्यात ती आता पटाईत झाली होती.

मग फोन आला. चिंगीचा फोन दुपारी यायचा, वहिनीचे हात कोकोपीटमध्ये असताना, म्हणून ती फोन क्रेटला टेकवून ठेवायची. त्या दिवशी सासरे टेम्पोबरोबर गेले होते आणि सासूबाई आत पडल्या होत्या. दोन दिवसांपूर्वी त्या शेडमधल्या ओल्या प्लास्टिकवरून घसरल्या होत्या. गुडघ्याला मुका मार लागला होता. पहिल्या दिवशी शेकलं, दुसऱ्या दिवशी तेल लावलं, आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे आज सकाळी, त्यांनी उठून वहिनीने भरलेल्या ट्रेंमध्ये चुका काढल्या होत्या. आता दुपारची झोप काढत होत्या, एवढंच.

चिंगी आधी मुलांबद्दल बोलली, मग म्हणाली, "वहिनी, हे लोक म्हणतायत आणखी एक वर्ष राहा. मला राहायचंय गं. इतकं राहायचंय. पण बाबांना विचारायची हिंमत होत नाही. तू त्यांना समजव ना. तू सांगितलंस तर ऐकतील."

वहिनीने बी घेतलेली चिमूट तशीच धरून ठेवली. आणखी एक वर्ष. म्हणजे मोठ्या बाई दुसरी कुणी बघणार. म्हणजे टोमॅटो, मिरची, कोबी.

"राहा की," ती म्हणाली. "आईंची काळजी नको करूस."

"आईची? काय झालं आईला?"

"काही नाही गं. तुला सांगू नको म्हणाल्यात."

मग चिंगीने विचारत जायचं आणि वहिनीने नाही नाही म्हणत थोडं थोडं सांगत जायचं, असं झालं. पडल्यात. गुडघा. झोपूनच आहेत. डॉक्टर आराम म्हणाले, पण किती दिवस ते कोण सांगणार. त्यांना विचारू नकोस, कबूल करायच्या नाहीत, उलट मला बोलतील. वहिनीला स्वतःच्या आवाजाचं नवल वाटलं. तो इतका मायेचा होता. पलीकडे चिंगी रडायला लागली आणि वहिनी तिला म्हणाली, "रडू नको बाळा. तू तुझं बघ."

फोन ठेवल्यावर तिने पेरणी पुढे चालू केली. एकही बी इकडे तिकडे पडलं नाही. संध्याकाळी मात्र तिने पाणी घातलेल्या मिरचीला पुन्हा पाणी घातलं. ऊन उतरल्यावर एवढं पाणी घालायचं नसतं हे तिला पाठ होतं. कोकोपीट रात्रभर ओलं राहिलं आणि तिसऱ्या दिवशी मिरचीच्या रोपांना मर लागली. बुडाशी बारीक होऊन रोपं ट्रेमध्येच आडवी पडली. सासऱ्यांनी ते ट्रे एकेक करून बाहेर काढले आणि तिच्यासमोर उकिरड्यावर पालथे केले. नवरा म्हणाला, "लक्ष कुठे असतं तुझं?" वहिनीने रिकामे ट्रे उचलले आणि धुवायला नेले.

आठवड्याभरात चिंगीने कळवलं की ती ठरल्याप्रमाणे परत येतेय. तिला आणखी राहायचं होतं हे सासऱ्यांना कधी कळलंच नाही.

ती आली त्या दिवशी नवऱ्याने टेम्पो धुतला. शेजारचे फाटकाशी जमले. चिंगी उतरली आणि तिने आधी कुणाकडे पाहिलं नाही, ती आईला शोधत होती. सासूबाई शेडमधून कडेवर भरलेला क्रेट घेऊन तरातरा आल्या. क्रेट त्यांनी तिथेच खाली टेकवला आणि लेकीला मिठी मारली. चिंगीने मिठीतून जरा मागे होऊन आईच्या गुडघ्यांकडे पाहिलं, क्रेटकडे पाहिलं, आणि मग वहिनीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डोळे मिटून आईच्या खांद्यावर डोकं ठेवलं.

दोन दिवस काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी चिंगी सकाळीच शेडमध्ये येऊन वहिनीसमोर बसली आणि ट्रे पुढे ओढला. तिचे हात मऊ पडले होते. थोडा वेळ दोघींनी पेरणी केली.

"आईला मी काही विचारलं नाही," चिंगी म्हणाली. "कुणालाच काही बोलले नाही."

वहिनीने पुढच्या खळग्यात बी सोडलं.

"निघायच्या दिवशी मुलं वर्गात बसेनात. सगळी फाटकाला लोंबकळत होती."

चिंगी भांडली असती तर वहिनी तयार होती. तिच्याकडे उत्तर होतं, कितीतरी दिवस घासून ठेवलेलं. "आणि तू?" ती म्हणाली. "माझी पद्धत स्वतःची म्हणून सांगितलीस ते?"

चिंगीने मान वर केली. तिला खरंच समजलं नव्हतं. मग समजलं. "वहिनी, मी तुझ्याबद्दल सगळं सांगितलं होतं. माझ्या वहिनीने शिकवलं, ती खरी शिक्षिका आहे, कशी समोर बसायची, सगळं. ते लांबलं म्हणून त्यांनी कापलं. पुन्हा बोलायला लावलं, थोडक्यात बोल म्हणाले. मी त्यांच्याशी भांडले पण होते." ती थांबली. "तुला तेव्हाच विचारता आलं असतं की गं."

वहिनीला वाटलं, निदान एवढं तरी माझ्याकडे राहू द्यायचं होतंस. इतके दिवस तिने या एका गोष्टीवर दिवस काढले होते, आणि चिंगीने तीही हातातून काढून घेतली. ती खोटं बोलत असावी अशी वहिनीने आशा धरून पाहिली. पण चिंगीला खोटं बोलता येत नाही हे या घरात तिच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं.

सुट्टी संपायला आली. वहिनीने मोठ्या बाईंकडे जायचं मनात धरलं होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, नवऱ्याला आधी सासऱ्यांशी बोलू दे, असं करता करता मोठ्या बाईच घरी आल्या. सासऱ्यांनी त्यांना खुर्ची दिली. वहिनी चहा घेऊन आली तेव्हा त्यांचं बोलणं निम्मं झालं होतं.

मोठ्या बाईंनी व्हिडिओ पाहिला होता. नुसता पाहिला नव्हता, सुट्टी लागायच्या दिवशी मुलांना गोळा करून दाखवला होता आणि या ताई आपल्याकडे शिकवायला येणार असं सांगूनही टाकलं होतं. कॉलेज दुपारचं, शाळा सकाळची, वर्षभरासाठी तरी चिंगीने यावं. कोर्स नसला तरी परदेशचा अनुभव आहे, तेवढं पुरे.

सासऱ्यांचा चेहरा फुलला. "जाईल की. का नाही जाणार? इथलं वहिनी बघेल."

वहिनी चहाचा ट्रे धरून उभी होती. मोठ्या बाईंना दुकानातलं बोलणं आठवत होतं की नाही ते कळत नव्हतं. त्यांनी तिच्या हातून कप घेतला आणि तिच्याकडे बघून छान हसल्या. वहिनीच्या घशात शब्द आले होते. त्यातला पहिला शब्द उच्चारला की बाकीचे आपोआप आले असते. पण समोर चिंगी बसली होती, जिने गुडघ्याची गोष्ट कुणाला सांगितली नव्हती. ती सांगणार नव्हती, आणि म्हणूनच वहिनीला तिच्यासमोर काही मागता येईना.

"मी नाही येत, बाई," चिंगी म्हणाली.

सासरे तिच्याकडे बघतच राहिले.

"ही पद्धत माझी नाहीच. हिची आहे. मलाच हिने शिकवलं. कोर्सही हिचाच झालाय. हिला घ्या."

"अगं, मग तू काही बोलली कशी नाहीस?" मोठ्या बाई वहिनीला म्हणाल्या.

खोटं बोलायला तिला जीभ सापडली होती, पण मला ती जागा हवी आहे एवढं चार माणसांत म्हणायला सापडली नव्हती. आताही सापडली नाही. तिच्या वतीने सगळं चिंगीच बोलत होती. इथलं मी बघेन बाबा, सकाळी मी बसेन, पाणी मी घालेन, असं ती बोटांवर मोजून सांगत होती. सासऱ्यांनी हनुवटी खाजवली आणि म्हणाले, "बघा बाई, माझ्या लेकीचं मन. चालून आलेली जागा वहिनीला देऊन टाकली." त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

ते वाक्य संध्याकाळपर्यंत सडकेच्या दोन्ही बाजूंना पोचलं. सासूबाई येणाऱ्या जाणाऱ्याला तेच सांगत होत्या, आता त्यांना गायीच्या वाक्याची गरज उरली नव्हती. कारखान्यात गेलेल्या दोघी बायका मुद्दाम वाट वाकडी करून आल्या आणि वहिनीला म्हणाल्या, नशीबवान आहेस, अशी नणंद कुणाला मिळते. नवरासुद्धा म्हणाला, "तिचे उपकार विसरू नकोस." वहिनीने मान हलवली. तिला जे हवं होतं ते सगळं मिळालं होतं, आणि ते तिला चिंगीच्या ताटातून वाढलेलं होतं. आधी तिला चिंगीच्या विमानाचा हेवा वाटायचा, मग त्या ओसरीचा. आता चिंगीच्या चांगुलपणाचा वाटत होता, आणि त्याच्यावर कसलाच इलाज नव्हता, कारण फोनवर कितीही मायेने खोटं सांगितलं तरी तो काही तिच्याकडून काढून घेता येणार नव्हता.

शाळेच्या पहिल्या दिवशी ती लवकर उठली. नखं ब्रशने घासली, तरी कडांचं काळं गेलं नाही. शेडमध्ये चिंगी डोक्याला फडकं बांधून ओणवी झाली होती आणि झारीने कोबीला पाणी घालत होती, एका हाताने कंबर धरून. तिने वर पाहिलं आणि हात हलवला. "छान दिसतेस वहिनी," ती म्हणाली, आणि पुन्हा वाकली.

वहिनी सडक ओलांडून गेली. मोठ्या बाईंनी तिला वर्ग दाखवला आणि त्या आपल्या खोलीत गेल्या. खिडक्यांच्या काचा नुकत्याच पुसलेल्या होत्या, फळा काळाभोर होता. मुलं उभी राहिली आणि एका सुरात "गुड मॉर्निंग" म्हणाली. चार वर्षांनी तो सूर ऐकून तिने टेबलाला हात लावला. मुलं तिच्याकडे बघत होती, मग तिच्या मागे दाराकडे बघत होती. ती खाली बसेनात.

"बसा," ती म्हणाली.

पुढच्या बाकावरच्या, दोन वेण्या घातलेल्या मुलीने हात वर केला. "बाई, त्या व्हिडिओतल्या ताई नाही आल्या?"

सगळा वर्ग उत्तरासाठी थांबला. वहिनीला खूप उत्तरं सुचली. काही खरी होती आणि काही मायेच्या आवाजात सांगता येण्यासारखी होती. बाहेर सडकेवरून नवऱ्याचा टेम्पो रोपं घेऊन गेला.

"नाही," ती म्हणाली. "त्यांनीच मला पाठवलंय."